एलईडी स्ट्रिप लाईट घरच्या घरी कापा आणि जोडा, पण आधी व्होल्टेज बघा



आषाढ लागला की स्ट्रिप लाईटची विचारणा सुरू होते. मखर, देव्हारा, शोकेस, किचनच्या कपाटाखालची पट्टी, आणि दिवाळी जवळ आली की दुकानांची काउंटर. काम घरच्या टेबलावर होतं, मशिनरी लागत नाही, भांडवलही फार नाही. म्हणून आपल्या बॅचमधले बरेच जण सुरुवात इथूनच करतात. व्हिडिओमध्ये हात कसा चालतो ते दिसतं, पण आकडे पटकन पुढे निघून जातात. ते इथे निवांत लिहितोय. व्हिडिओ बघितला नसेल तरी चालेल, वही मात्र जवळ असू द्या.

दुकानात नुसतं ‘स्ट्रिप द्या’ म्हणू नका

पुण्यात तपकीर गल्लीत जा नाहीतर मुंबईत लोहार चाळीत, ‘स्ट्रिप द्या’ एवढंच म्हटलंत तर तुमच्या हातात दोनपैकी कुठलीही वस्तू पडू शकते, आणि त्या दोन वस्तूंमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिली रोलवर येते. साधारण ५ मीटरचा रोल, पट्टी ८ किंवा १० मिलिमीटर रुंद, कागदासारखी पातळ, मागे चिकटपट्टी. ही १२ किंवा २४ व्होल्ट डीसीवर चालते, म्हणजे घरातली लाईन आणि पट्टी यांच्यामध्ये अडॅप्टर किंवा एसएमपीएस लागतोच.

दुसरी मीटरवर मोजून मिळते. जाडसर पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणात असते, सोबत एक छोटी डबी असलेली प्लगची वायर येते आणि ती थेट २३० व्होल्टच्या बोर्डात लागते. कुणी तिला रोप लाईट म्हणतं, कुणी मीटरवाली स्ट्रिप.

स्वस्त पडते आणि एसएमपीएसचा खर्च वाचतो म्हणून नवीन माणूस या दुसरीकडे वळतो. इथे थांबा. त्या प्लगच्या डबीत व्होल्टेज कमी करणारं काहीही नसतं. आत फक्त रेक्टिफायर असतो, तो एसीचा डीसी करतो. २३० व्होल्ट एसीचं शिखर जवळपास ३२५ व्होल्टपर्यंत जातं आणि तेवढा दाब त्या पट्टीतल्या दोन तारांमध्ये असतो. तुम्ही पट्टी कापली की त्या तारांची तोंडं उघडी पडतात. त्यावर काळी टेप गुंडाळून ‘झालं काम’ म्हणणारे खूप आहेत. मखर म्हणजे कापड, पुठ्ठा, कागद, फुलांवर मारलेलं पाणी, आरतीला झालेली गर्दी आणि सगळ्यात पुढे उभी असलेली लहान मुलं. उन्हात-उकाड्यात टेपचा गोंद सुटतो आणि ती टेप सहाव्या दिवशी कुठे असेल, सांगता येत नाही.

‘आमच्याकडे ईएलसीबी आहे, तो ट्रिप होईल’ असंही लोक म्हणतात. तो कधी ट्रिप होतो? करंट शरीरातून जमिनीकडे निघाला तर. एकाच हाताची दोन बोटं दोन उघड्या तारांना लागली आणि पायाखाली कोरडं लाकूड असलं, तर करंट एका तारेतून येऊन दुसरीतून परत जातो. ईएलसीबीच्या हिशोबाने गेलेला आणि आलेला करंट सारखाच, म्हणून तो शांत बसतो. ईएलसीबी घरात असलाच पाहिजे, पण तो उघड्या तारेवरचा उपाय नाही.

माझा नियम सरळ आहे. हाताच्या अंतरावर, कापडाजवळ, पाण्याजवळ आणि देवापाशी २३० व्होल्टची पट्टी लावायची नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी नाही. गॅलरीच्या वर, हात पोचणार नाही अशा जागी लावायची वेळ आली, तर प्लग काढून ठेवून फक्त छापील खुणेवर कापायची (ही खूण बहुधा दर मीटरला असते, काही पट्ट्यांना अर्ध्या मीटरला), त्याच मापाचा पिनवाला कनेक्टर वापरायचा आणि शेवटच्या टोकाला टोपी बसवून सिलिकॉनने बंद करायची. हिला मधेच जोड नको. कमी पडली तर पूर्ण लांबीची नवीन घ्या.

इथून पुढे जे लिहिलंय ते सगळं १२ आणि २४ व्होल्टच्या रोलसाठी आहे.

खुणेवरच का कापायचं?

पट्टी नीट बघा. ठराविक अंतरावर एक आडवी रेघ, काहींवर बारीक कात्रीचं चित्र, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे ठिपके दिसतील. त्यांना पॅड म्हणतात. कात्री बरोबर त्या रेघेवर चालवायची, म्हणजे अर्धा पॅड या तुकड्याला आणि अर्धा त्या तुकड्याला मिळतो.

हे अंतर कुठून आलं, ते एकदा समजून घ्या, मग पाठ करावं लागत नाही. पांढरा एलईडी म्हणजे आतून निळा एलईडीच असतो, वर पिवळट फॉस्फरचा थर दिलेला असतो. (बंद असताना तो ठिपका पिवळा दिसतो, तो याचमुळे.) अशा एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, त्यात ९ व्होल्ट गेले. उरलेले ३ व्होल्ट एक रेझिस्टर पचवतो. त्या काळ्या चौकोनी दाण्यावर बऱ्याचदा १५१ छापलेलं दिसतं. याचा अर्थ १५ पुढे एक शून्य, म्हणजे १५० ओहम. तीन एलईडी आणि त्यांचा रेझिस्टर मिळून एक कुटुंब झालं. पूर्ण पट्टी म्हणजे अशी कुटुंबं शेजारी-शेजारी, सगळ्यांना प्लस आणि मायनसच्या दोन लांब तारांवरून वीज मिळते.

खूण दोन कुटुंबांच्या मधे असते. कुटुंबाच्या मधोमध कात्री चालवलीत तर फक्त तेच कुटुंब पेटणार नाही, बाकीची पट्टी ठीक राहील. म्हणजे चुकीच्या जागी कापल्याने स्फोट वगैरे काही होत नाही, तीन एलईडी मात्र वाया जातात.

आता हिशोब. मीटरला ६० एलईडी असतील तर १२ व्होल्टमध्ये दर ५ सेंटिमीटरला खूण येते. मीटरला १२० असतील तर अडीच सेंटिमीटरला. २४ व्होल्टच्या पट्टीत एका कुटुंबात बहुधा सहा किंवा सात एलईडी असतात. मीटरला ६० आणि कुटुंबात सहा असले, तर खूण १० सेंटिमीटरला येते. ऑर्डर घेताना हे माहीत नसेल तर माप जुळत नाही.

उदाहरण घेऊ. शोकेसचा कप्पा आतून ८८ सेंटिमीटर आहे. २४ व्होल्टची १० सेंटिमीटर खुणेची पट्टी घेतली तर तुम्हाला ८० मिळतील, दोन्ही बाजूंना ४-४ सेंटिमीटर अंधार. ५ सेंटिमीटरवाली घेतली तर ८५. अडीचवाली घेतली तर ८७.५ बसते, कागदावर एकदम छान! पण टोकाला सोल्डर केलेल्या वायरीला वळायला जागा कुठे आहे? उरलेल्या ५ मिलिमीटरमध्ये वायर दाबून बसवली की जोडावर ताण येतो आणि पहिल्या महिन्यातच पॅड उखडतो. म्हणून अशा जागी मी तरी ८५ च घेईन.

कापायच्या आधी रोल एकदा पूर्ण पेटवून बघा. एखादं कुटुंब बंद निघालं तर दुकानदार कापलेला रोल परत घेत नाही. मात्र गुंडाळलेला रोल अर्धा मिनिटभरच पेटवायचा, गुंडाळी आतून लवकर तापते.

सोल्डर: घाई इथे नको

लागणारं सामान थोडंच आहे. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, बारीक टोकाचं. ६०-४० ची सोल्डर वायर. थोडी फ्लक्स पेस्ट. लाल-काळी वायर, वायर सोलायचा कटर, श्रिंक ट्यूब आणि एक साधा मल्टीमीटर. टेबलावर खाली टाईलचा तुकडा ठेवा, म्हणजे सनमायका जळत नाही आणि घरातून बोलणी बसत नाहीत.

सिलिकॉनचा थर असलेली वॉटरप्रूफ पट्टी असेल तर आधी पॅडवरचा थर ब्लेडने अलगद काढा. ब्लेड आडवं धरायचं, पॅड खरवडायचा नाही. तांब्याचा थर फार पातळ असतो, तो निघाला की ती जागा मेली, पुढच्या खुणेवर कापावं लागतं.

आता खरी युक्ती. पॅड आणि वायर दोन्हींवर आधी वेगवेगळं सोल्डर चढवायचं. पॅडवर किंचित पेस्ट लावा, तापलेलं टोक टेकवा, सोल्डर वायर टोकाला नाही तर पॅडला लावा. दोन सेकंदांत एक चकचकीत छोटा डोंगर तयार होतो. वायरीचं टोक ३-४ मिलिमीटर सोला, पीळ द्या, त्यावरही सोल्डर चढवा. मग वायर त्या डोंगरावर ठेवून वरून आयर्न टेकवायचं. दोन्हीकडचं सोल्डर एकमेकांत वितळलं की आयर्न उचला, पण हात हलवू नका. गार होईपर्यंत तीन-चार सेकंद वायर तशीच धरा. बऱ्याच जणांचे जोड इथेच बिघडतात: सोल्डर गोठत असताना वायर हलते, जोड वरून ठीक दिसतो आणि आतून तडकलेला राहतो.

चांगला जोड चमकतो आणि कडेला पॅडवर पसरलेला दिसतो. गोळीसारखा गोल, मळकट दिसला तर तो नुसता वर बसलाय, धरलेला नाही. परत तापवा. पण एका पॅडवर आयर्न सलग तीन-चार सेकंदांच्या वर धरू नका, पॅड पट्टीपासून सुटतो. जमलं नाही तर बाजूला घ्या, गार होऊ द्या, मग पुन्हा.

प्लसला प्लस, मायनसला मायनस. उलटं जोडलंत तर साध्या एकरंगी पट्टीत तो तुकडा पेटत नाही एवढंच, कारण एलईडी एकाच दिशेने वीज घेतो. आरजीबी पट्टीत चार पॅड असतात, एक प्लस आणि तीन रंगांचे तीन. तिथे क्रम चुकला तर रिमोटवर लाल दाबल्यावर एक तुकडा हिरवा होतो, मग शोधत बसा. आणि प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा बदलणारी पट्टी असेल तर तिच्यावर बाण छापलेला असतो. सिग्नल त्याच दिशेने जातो, म्हणून सगळ्या तुकड्यांचे बाण एकाच दिशेने हवेत.

जोड झाल्यावर मल्टीमीटर बझरवर ठेवून प्लस आणि मायनसमध्ये सोल्डरचा पूल तर झाला नाही ना, ते बघा. तुकडे पटकन तपासायला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी छान. १२ व्होल्टची पट्टी तिच्यावर मंद पेटते, तेवढं पुरतं. शेवटी श्रिंक ट्यूब चढवा. ट्यूब सोल्डर करायच्या आधीच वायरीत ओवून ठेवायची असते, हे एकदा विसरलात की पुन्हा कधी विसरत नाही.

वॉटरप्रूफ पट्टी कापली की कापलेल्या टोकाला ती वॉटरप्रूफ राहत नाही. तिथे सिलिकॉन भरा, पण व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको. त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि तांबं काळं-हिरवं पडतं. न्यूट्रल सिलिकॉन मागा.

काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे, मगच चहा. ६०-४० मध्ये ४० टक्के शिसं असतं. खिडकी उघडी, आणि लहान मूल त्या खोलीत नको.

क्लिपचे कनेक्टर मिळतात, सोल्डर नको वाटणाऱ्यांसाठी. ८ मिलिमीटरच्या पट्टीला ८ चा, १० ला १० चा. घरच्या एखाद्या कपाटाला, कमी वॅटच्या पट्टीला चालतील. गिऱ्हाइकाच्या कामात मी ते वापरू नका असं सांगतो. त्यातली पत्र्याची जीभ पॅडवर नुसती टेकलेली असते. थोडी ढिली झाली की तिथे गरम होतं आणि लाईट लुकलुकायला लागते, आणि तुम्हाला पन्नास रुपयांच्या कामासाठी गाडी काढून जावं लागतं.

कोपऱ्याचं एक सांगतो. पट्टी गुंडाळीच्या दिशेने वळते, कडेवर वळत नाही. मखराच्या काटकोनात ती मुरडून बसवली की दोन-चार दिवसांत आतली तार तुटते. कोपऱ्यावर कापा आणि दोन-तीन सेंटिमीटर वायरीने पुढचा तुकडा जोडा.

पुढे उजेड, मागे अंधार: असं का होतं?

बॅचमधल्या एका ताईंना मिठाईच्या दुकानाचं काउंटर मिळालं होतं. चार पट्ट्या एकीला एक जोडत त्यांनी लांब साखळी केली. पहिल्या कप्प्यात बर्फी झळकत होती, शेवटच्या कप्प्यातले पेढे सुतकी दिसत होते. दुकानदाराने निम्मे पैसे अडकवून ठेवले. माल चांगला होता, जोडही चांगले होते.

कारण असं की, १२ व्होल्टवर वॅट कमी वाटले तरी करंट मोठा असतो. ५०५० जातीची, मीटरला ६० एलईडीची पट्टी साधारण १४.४ वॅट प्रति मीटर खाते. ५ मीटरला ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँपिअर. हेच ७२ वॅट २३० व्होल्टवर पाव-तीस शतांश अँपिअरच्या आसपास घेतील. आणि हे ६ अँपिअर पट्टीच्या कागदी जाडीच्या तांब्यातून जायचे. वाटेत व्होल्टेज गळतं.

गळून गळून किती? तर एक व्होल्ट गळला तरी फरक डोळ्याला दिसतो. आपलं कुटुंब आठवा: ९ व्होल्ट एलईडीचे, ३ रेझिस्टरचे. १२ चे ११ झाले तर एलईडी आपले ९ फारसे सोडत नाहीत, तोटा रेझिस्टरच्या वाट्याचा होतो. ३ चे २ उरले, म्हणजे करंट जवळपास तिसऱ्या हिश्श्याने उतरला. आरजीबी पट्टीत तर लांबच्या टोकाचा पांढरा रंग लालसर होतो, कारण लाल एलईडीला कमी व्होल्टेज पुरतं आणि निळा-हिरवा आधी दमतात.

उपाय सोपा आहे. साखळी करायची नाही. प्रत्येक कप्प्याची वायर वेगळी काढून थेट एसएमपीएसपर्यंत न्यायची. सलग ५ मीटर लावायची असेल तर दोन्ही टोकांना वीज द्या. ५ मीटरच्या पुढे एका टोकाने कधीच नाही. आणि एसएमपीएस जवळ ठेवा. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीने ३ मीटर लांबून ६ अँपिअर आणलेत तर जाऊन-येऊन ६ मीटर तारेत जवळपास एक व्होल्ट तिथेच गेला. दीडची वायर घेतली तर निम्मा. बेलची वायर तर नकोच. लांबीचं काम मोठं असेल तर २४ व्होल्ट घ्या, करंट निम्मा होतो.

एसएमपीएस केवढा घ्यायचा? वरची शोकेस चार कप्प्यांची आहे. ८५ सेंटिमीटरचे चार तुकडे म्हणजे ३.४ मीटर. रोलवर ९.६ वॅट प्रति मीटर छापलंय, तर एकूण ३२.६ वॅट, म्हणजे २.७ अँपिअर. यावर पाव हिस्सा जास्त धरायचा, ३.४ अँपिअर झाले. ३ अँपिअरचा घेतलात तर तो दिवसभर काठावर चालून तापेल. ५ अँपिअरचा घ्या. तो बंद पेटीत, कापडामागे किंवा फॉल्स सीलिंगमध्ये कोंबू नका, त्याला हवा लागते. पत्र्याचा एसएमपीएस असेल तर अर्थिंगचा स्क्रू रिकामा सोडायचा नाही. आणि त्याच्या २३० व्होल्टच्या बाजूची जोडणी लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या. ते पैसे बिलात वेगळे दाखवा, गिऱ्हाईक देतं.

भाव कसा सांगायचा

बहुतेक जण मीटरवर भाव सांगतात आणि मग रात्री दोनपर्यंत जागतात. ३.४ मीटर सलग पट्टी लावायला दोन सोल्डर लागतात, एक प्लस आणि एक मायनस. तीच ३.४ मीटर चार कप्प्यांत विभागली तर आठ. मखराची नक्षीदार कमान असेल आणि तिचे चौदा तुकडे एकामागे एक झाले, तर पहिल्या वायरीचे दोन आणि मधल्या तेरा जोडांचे चार-चार मिळून चोपन्न. तुमचा वेळ जोडात जातो. म्हणून सामानाचा खर्च वेगळा, आणि मजुरी सोल्डरच्या टाक्यांवर लावा. घड्याळ लावून स्वतःचे दहा टाके मोजा, म्हणजे तुमचा एक टाका किती मिनिटांचा ते कळेल, भाव त्यावरून काढा. कमानीच्या कामात गिऱ्हाइकाला आधीच सांगा की कोपरे जेवढे जास्त तेवढी मजुरी जास्त.

रोलमधून उरलेल्या तुकड्यांचाही हिशोब ठेवा. १० ते ३० सेंटिमीटरचे तुकडे देव्हाऱ्याला, चावीच्या बॉक्सला, नेमप्लेटला लागतात. प्रत्येकावर मार्करने व्होल्टेज लिहून ठेवा, १२ आणि २४ चे तुकडे एका डब्यात गेले की ओळखू येत नाहीत. १२ चा तुकडा २४ वर लागला तर तो एकदम लख्ख पेटतो आणि तेवढ्यात जातो.

आणि काम देताना त्याच रोलचा एक छोटा तुकडा पाकिटात घालून गिऱ्हाइकाकडेच ठेवायला द्या. दोन रोलचा पांढरा रंग सहसा तंतोतंत जुळत नाही. वर्षभराने एखादं कुटुंब गेलं तर दुरुस्तीला तोच तुकडा लागतो. पाकिटावर तारीख, व्होल्टेज, एसएमपीएसचे अँपिअर आणि तुमचा नंबर.